उष्टा हात

१२ एप्रिल, शनिवार

आली बाप्पा एकदाची अमरावतीले! अकोटहून निघतानी आईनं पिशव्याईत इतकं कोंबलं का एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, बाई, तिकडं दुकान टाकता का काय. कठोरा नाक्यावर ऑटोवाल्यानं मले नवी समजून उगाच दोन गल्ल्या फिरवलं. असं झापलं त्याले का मुकाट्यानं पेटी उचलून फाटकाच्या आत आणून देल्ली. माही जीभ तिखट आहे हे सारं अकोट जाणते, आता अमरावती बी जाणीन.

घर मस्त आहे. दोन मजली, पिवळं, फाटकाशी जास्वंद. मालक देवराव काका रिटायर आहेत, दिवसभर पोर्चमधी खुर्ची टाकून बसतात अन् फारसं बोलत नाहीत. माणिकबाई काकू मात्र दोघाईचं मिळून बोलते. मले खालची मागची खोली भेटली, मोठ्या कूलरसकट. मंगळवारपासून क्लास सुरू. दहावीच्या पोट्ट्याईले गणित शिकवाचं, सकाळी एक बॅच अन् सांजच्याले एक. दुपार सारी माही. बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदाच एकटी राहून राहिली, त्याचं जिवाले लागते. जरा बस्तान बसलं का तिले इकडंच आणीन, हे मी एसटीतच ठरवून टाकलं.

सामान काढतानी काकूले माह्यं डबडं दिसलं. डबडं म्हणजे हातात धरून गेम खेळाचं यंत्र, मधात स्क्रीन अन् दोन्ही बाजूनं बटणं. आई त्याले डबडं म्हणते, म्हणून मीही म्हणते. काकूचा चेहरा असा फुलला का मीच लाजली. म्हणे, आमची आरती बी अशीच खेळे व. आरती म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी, दोन वर्षांमागं गेली. हॉलात फोटो आहे. माह्याच वयाची, माह्यासारखीच नकटी. काकू म्हणे, तिचा कॉम्प्युटर वर तसाच चालू ठेवला आहे, तुह्या डबड्याले जोडून घे, खेळ पोटभर. कोन्ती घरमालकीण बाई असं म्हणते सांगा! माहं नशीब भल्लं जोरावर आहे.

१६ एप्रिल

कॉम्प्युटर जोडला. डबड्यावर चार आकडे आले, ते काकूनं वर जाऊन तिथल्या स्क्रीनवर टाकले अन् झालं काम. मले वर येऊ देल्लं नाही, धूळ जाते म्हणे. आता धूळ काय मी ओटीत घेऊन फिरते? पण असो, तिच्या मेलेल्या लेकीची खोली आहे, मी गप बसली.

आईले फोनवर समजावता समजावता माह्या नाकी नऊ आले. सांगतलं, का बाई, खेळ चालते वरच्या कॉम्प्युटरमधी, घाम त्याले फुटते. वायफायनं फक्त चित्र माह्या हातात येते. मी खाली बटण दाबलं का हुकूम वर जाते, काम वर होते, अन् दिसते खाली. डबडं बिचारं नुसतं दाखवाचं धनी. आई म्हणे, म्हणजे चूल वर अन् ताट खाली. म्हटलं, हो, बरोब्बर! गणिताची मास्तरीण मी, पण उदाहरण आईचं भारी.

घरभर चालते. वरण शिजेपर्यंत स्वयंपाकघरात, कूलरपुढं लोळून, गच्चीवर कपडे वाळवता वाळवता. फाटकाच्या बाहेर पाय टाकला का चित्र फाटते अन् अडकते. सगळ्यात झकास जागा सापडली ते जिन्याच्या वरच्या पायरीवर. आरतीच्या खोलीचं दार बंद राहते, पण दाराखाली बोटभर फट आहे. कॉम्प्युटर तापू नये म्हणून आत एसी चालू राहते, त्याची हवा त्या फटीतून येते. बाहेर निरा जाळ अन् मी तिथं तळपाय लावून महाराणीवानी बसते.

१९ एप्रिल

आज डोकं तापलं माहं.

गेम असा आहे का एक पोट्टी आहे, तिचं घर आहे, अंगणात कोंबड्या आहेत, वावर आहे. आरतीनं मांडलेला डाव आहे, तिथूनच मी पुढं खेळते. दुपारी डबडं खाटेवर ठेवून मी पाणी प्याले गेली. आली तं पोट्टी आपोआप फिरून राहिली होती. या खोलीतून त्या खोलीत. प्रत्येक दारापाशी थांबे, दार उघडून पाहे, पुन्हा लावे, पुन्हा उघडे.

म्हटलं, वर आरतीचं गेम खेळाचं रिमोट अजून जोडलेलं असन अन् कोणीतरी त्यावर बोटं मारून राहिलं असन. तडक पोर्चमधी गेली. काकाजी, खेळाचं असन तं सांगा, चोरून काऊन खेळता, असं तोंडावर विचारलं. काकानं पेपर खाली केला. मंग म्हणे, पोरी, मी त्या जिन्यावर दोन वर्षांत पाय ठेवला नाही. अन् पेपर तोंडापुढं धरला. पेपर उलटा होता.

काकूले सांगतलं तं ते खुदकन हासली. म्हणे, तिले घरभर हिंडाले आवडे, हिंडू दे ना व. मले उगाच राग आला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलते का कोणी? पण आईचं काळीज, आपण काय बोलावं.

२४ एप्रिल

बटण दाबलं का हुकूम वर जाऊन चित्र परत याले पापणी लवाइतका वेळ लागतेच. सवय झाली होती त्याची. आज उलटं झालं. मी दाबाच्या आधी पोट्टी वळे. कोंबड्याईले दाणे टाकू का नको, असा नुसता विचार करून राहिली होती, तं दाणे पडून गेलेले. पहिले मजा वाटली. मंग नाही वाटली.

मी पायरीवरच बसली होती, तळपाय फटीले लावून. एकदम हवा गरम आली. एसी चालू, आवाज येऊन राहिला, अन् हवा भट्टीची. अन् मंग तळपायाले काहीतरी लागलं. बोटासारखं. खालून वर, खालून वर, दार खाजवावं तसं. मी अशी उडाली का चार पायऱ्या एकदम उतरली. पाल असन. पालच असन, दुसरं काय राहणार आहे तिथं. पण आता मी त्या पायरीवर बसणार नाही, चुलीत गेली ते हवा.

२७ एप्रिल, रविवार

मागच्या भिंतीपलीकडं हलीमाबी राहतात, ब्लाउज शिवतात. माह्या ड्रेसची बाही उसवली म्हणून भिंतीवरूनच देल्ली. माही खोली कोन्ती ते पाहून त्यांनी ड्रेस भिंतीवरच ठेवला. मंग म्हणे, बेटी, अखाजीले आपल्या घरी जा, इथं राहू नको. काऊन म्हटलं तं म्हणे, मागच्या साली बी एक पोरगी ठेवली होती यांनी, मैंनेच उसके हात पे पानी डाला था, तवापासून माणिकबाई माह्याशी बोलत नाही. तेवढ्यात काकूनं आतून हाक मारली अन् हलीमाबी मशीनवर जाऊन बसल्या.

काकूनं हाक मारली ते अखाजीसाठीच. आरतीच्या नावानं पितर बसवाचं आहे, तू बस म्हणे. आमच्याकडं चालतच असते हे. अखाजीले म्हणजे अक्षय तृतीयेले मेलेल्याच्या नावानं घागर भराची अन् त्याच्याच वयाचं बाहेरचं कोणी पाटावर बसवून जेऊ घालाचं. बाबाच्या नावानं आमच्या घरी नत्थुजी बसतात. मले अकोटले जाचं होतं बाबाच्या घागरीसाठी, पण क्लासच्या सरनं सुट्टी देल्ली नाही. नवीन आहे, लगेच सुट्टी मागते, असं तोंड केलं त्यानं. मेला खवचट.

आईले विचारलं. ते म्हणे, बस, पुण्याचं काम आहे. फक्त एक ध्यानात ठेव. जेवण झालं का आपल्या मनानं उठाचं नाही. घरच्या बाईनं उष्ट्या हातावर पाणी ओतलं पायजे अन् जा आता आपल्या घरी असं म्हटलं पायजे. हातात जो येऊन बसला असन तो त्या पाण्यासंगं जाते. पाणी पडेपर्यंत हात कुठी लावू नको. म्हटलं, हो माय, मले काय शिकवते, नत्थुजीच्या हातावर मीच पाणी ओतत होती ना. हलीमाबीचं बोलणं मी आईले सांगतलं नाही, उगाच घोर लावून घेते ते.

३० एप्रिल, अखाजी

सांजची बॅच घेऊन आली. खडू धरवत नव्हता. काहीतरी चुकलं आहे माह्याकडून अन् मले ते कळून राहिलं.

दुपारी काकूनं पाट मांडला. वडे, कढी, कुरडया, चिंचवणी, वाटीभर आमरस. माह्या खांद्यावर आरतीची ओढणी टाकली. काका समोर बसले पण एकदाही वर पाह्यलं नाही त्यांनी. मी जेवली, खोटं काऊन बोलू, रस अप्रतिम होता, दोनदा घेतला. झालं तशी हात पुढं धरून बसली पाण्यासाठी. काकू तांब्या आणते म्हणून आत गेली अन् येईच ना. हाका मारल्या. काका उठून बाहेर निघून गेले. रस बोटावर वाळला, माशा बसल्या. इकडं बॅचची वेळ झालेली. अन् माह्या खोलीत डबडं वाजाले लागलं. बंद केलेलं होतं मी, तरी वाजे, कोंबड्या ओरडाचा आवाज, थांबेच ना.

मले राग आला. किती वाट पाहावं माणसानं! उठली, खोलीत गेली अन् त्याच उष्ट्या हातानं डबडं उचललं.

हाताले झटका बसला. लाईटचा बसते तसा नाही. कोणी हातात हात घालते तसा. स्क्रीनवर पोट्टी नव्हती, घर रिकामं, सारी दारं उघडी. मी नळावर जाऊन हात धुतला, तीन तीनदा साबण लावला. मागं वळली तं काकू तांब्या घेऊन उभी. तांब्या रिकामा होता. म्हणे, उठली का व तू? अन् गोड हासली.

१ मे

डाव्या हातानं लिहून राहिली. अक्षर वाकडंतिकडं येते, येऊ दे.

उजवा माह्यं ऐकत नाही. दुखत नाही, सुजला नाही. सकाळी वेणी घालाले गेली तं त्यानं मधात भांग पाडला. मी कधी पाडत नाही. फोटोत आरतीचा आहे. मंग स्वयंपाकघरात गेला अन् साखरेचा डबा बरोबर काढला. मले माहीत नव्हतं साखर कुठी राहते. मी कराच्या आधी तो करून मोकळा होते. डबड्यात झालं होतं तसंच. हुकूम वरून येते, काम माह्या हातात दिसते.

मी काकूवर तुटून पडली. म्हटलं, काय केलं तुमी मले, पाणी काऊन नाही ओतलं? तिनं माहा उजवा हात धरला अन् गालाले लावला. हातानं तिच्या गालावरून बोटं फिरवली. मी नाही फिरवली! काकू रडे अन् म्हणे, हिंड माय, घरभर हिंड आता.

आईले फोन केला. सारं सांगतलं. आई फोन धरूनच बाबाची घागर पाहून आली. मंग म्हणे, नळाचं पाणी चालत नाही व, दुसऱ्यानं ओतलं पायजे. अन् आता त्या घरचं पाणी कामाचं नाही. तुह्या बाबाच्या घागरीचं घेऊन येते, तोच तुले सोडवीन. तू फक्त जेवलेला हात पुढं कर. ज्या हातावर ओतलं त्या हातातला जाते.

फोन ठेवला. उजव्यानं परत उचलला. मेसेज लिहिला. मी पाहून राहिली, थांबवता येईना. मम्मी मी बरी आहे, येऊ नको. अन् फोन कूलरच्या पाण्यात टाकला.

मी आईले जन्मात कधी मम्मी म्हटलं नाही. आईले कळन. कळाले पायजे.

२ मे

पळाली होती. फाटकापर्यंत गेली. बाहेर पाय टाकला अन् रस्ता फाटला — डबड्यावर चित्र फाटते तसा. ऑटो जागीच अडकला, झाड अर्धं, आवाज तुटक. मंग काळं. डोळे उघडले तं फाटकाच्या आत पडली होती अन् काका पाणी शिंपडून राहिले होते. म्हणे, पोरी, जाऊ नको, मरशीन. मंग हळूच म्हणे, माफ कर. माफ कर म्हणे! वरच्या खोलीची चाबी नाही देल्ली, ऑटो नाही बोलावला, माफ कर म्हणे.

घराच्या बाहेर मी चालतच नाही. मी डबडं झाली आहे.

हलीमाबीले भिंतीवरून सारं सांगतलं. आईचा नंबर चिठ्ठीवर लिहून फेकला, डाव्यानंच. त्यांनी सांगतलं तेव्हा समजलं. आरती दिवसभर मोबाईलवर वरचा गेम घेऊन घरभर फिरे, अभ्यास करेना. माणिकबाईनं मोबाईल काढून घेतला, तिले वरच्या खोलीत पुस्तकं देऊन कोंडलं अन् दोघंही वलगावले लग्नाले गेले. मे महिना, भर दुपार. लाईट गेली. हलीमाबी तेव्हा अकोल्याले गेल्या होत्या पोरीकडं. गल्लीत कूलर बंद, दारं बंद, कोणी ऐकलं नाही. दाराखालच्या फटीशी तोंड लावून पडलेली सापडली.

मले तिची कीव आली. खरंच आली. पण हात माहा आहे!

हलीमाबी भिंतीवरून पाणी ओताले आल्या तं उजव्यानं त्यांचा लोटा हिसकून भिरकावला. त्यांच्या कपाळाले लागला. रक्त निघालं. तरी जाताजाता म्हणे, तेरी माँ को बुलाती मैं, घाबरू नको.

३ मे

मेन स्विच पाडला. काहीच झालं नाही. वर इन्व्हर्टर आहे. काकूनं लाईट जाऊच देल्ली नाही दोन वर्षं.

मंग वर गेली. दार आज उघडं होतं. मले वाटलं मी माह्या पायानं चढून राहिली. आता माहीत नाही.

आत थंडगार. भिंतीवर पंजाचे डाग, दाराच्या आतल्या बाजूनं, रंग खरडलेला. टेबलावर मोठी स्क्रीन. तिच्यात गेम नव्हता. तिच्यात एक खोली होती, टेबल, अन् टेबलावर स्क्रीन, अन् त्यात पुन्हा तेच. मी मान वळवली, चित्र वळलं. मी खाली पाह्यलं, माहे पाय. माह्या डोळ्यातून कोणीतरी बसून पाहून राहिलं तिथं.

खुर्ची रिकामी. पण गादी दबलेली. रिमोट अधांतरी, मांडीवर धरतात ना तितक्या उंचीवर — बटणं दबून राहिली होती. एक दबलं, माहा उजवा उठला. दुसरं दबलं, माहं पाऊल पुढं पडलं. रिमोटवर वाळलेला आमरस.

काकू बाजूले स्टुलावर. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, थकली असशीन बाई, जरा दम घे, कोणी आता कोंडत नाही तुले.

मी तार ओढाले धावली. डाव्यानं धरली बी. उजव्यानं डाव्याचं मनगट — अजून निळं आहे.

काकू बाहेर गेली अन् कुलूप लावलं. मले काही म्हटलं नाही. खुर्चीले म्हणे, एकच दिवस, तिची आई येऊन जाऊ दे, मंग सारं घर तुहं.

वही कमरेले होती. पेन्सिल आहे.

ओरडाले तोंड उघडलं. तोंडातून शब्द निघाला नाही. शीळ निघाली. कोन्त्या तरी गाण्याची. मले शीळ येत नाही.

४ मे, सकाळ

तोंड तिचं. पाय तिचे. डावा अजून माहा. खुर्चीकडं पाहत नाही मी.

आई येईन. बाबाच्या घागरीचं पाणी घेऊन येईन. आई आली का सुटली मी.

उजवा दाखवला का झालं. एवढंच. उजवा.

४ मे, दुपार

आई आली!

खाली आवाज. हलीमाबी बी संगं. काकू भांडून नाही राहिली. या म्हणे, बसा म्हणे, उन्हातून आल्या, पाणी घ्या म्हणे.

वर येऊन राहिल्या. आईची चप्पल — एका पायाची फरफटते — तीच —

कुलूप आहे म्हणे काकू. चाबी हे घेऊन गेले बडनेऱ्याले. पण फट आहे ना खाली, पोरीले म्हणा बोटं काढ, ओता. किती गोड —

हलीमाबी ओरडून राहिली, तोडो दरवाजा. आई म्हणे आधी पाणी. आधी माही लेक मोकळी होऊ द्या —

वर्षू, हात दे माय. बाबाचं पाणी आहे.

उजवा पाठीमागं गेला. ओढते. निघत नाही. दातानं धराचं तं दातही —

आई रडून राहिली. म्हणे बोटं तरी दाखव व, जिवंत आहे ना तू —

डाव्याची शेवटची दोन बोटं गेली फटीत, पेन्सिल अंगठ्यात धरूनच, वही दाराशी. मी नाही — का मीच. आई रडली का माहा हात तिच्याकडं जातेच —

आईनं बोटं धरली. ओळखली. माही नखं. फटीतून डावा-उजवा कळत नाही तिले, विचारते हाच का व जेवलेला —

नाही आई नाही नाही

तोंड म्हणे, हो आई. हाच.

मम्मी नाही, आई म्हणाले शिकली ते —

ओतलं. सारं. बाबाच्या घागरीचं. थंड आहे. वहीवर पडून राहिलं, अक्षर पसरून —

आई बाहेर म्हणते झालं माय, सुटली, जा आता आपल्या घरी, मागं पाहू नको —

आई डाव्यात तं मी होती

उठवून राहिलं कोणी मले — बाबा — बाबा नेऊन राहिले — खुर्ची रिकामी नाही दिसत आता — आरती हासून —

मले जाचं नाही आई धर ना माही बोटं सोडू नको ध